हाली, कलदार आणि बाद नोटा: मराठवाड्यातल्या एका चलन-अभ्यासकाचं प्रकरण

अर्थशास्त्रात संशोधन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांसमोर मी हे प्रकरण चर्चेला ठेवतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्या प्राध्यापिकेने मसुदा वाचून दोन ठिकाणी हरकत घेतली. त्या हरकती शेवटी दिल्या आहेत, कारण त्यातल्या एकीबाबत आमचं अजूनही जुळत नाही.

पार्श्वभूमी

प्रा. व. परभणी जिल्ह्यातल्या. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या घाऊक बाजारात, एका आडतीवर (शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकणाऱ्या दुकानावर) मुनीम, घरची शेती कोरडवाहू. बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात, एम.ए. विद्यापीठात, तेव्हाच्या औरंगाबादेत. मौद्रिक अर्थशास्त्राचा पेपर वर्गातल्या बहुतेकांच्या डोक्यावरून जायचा. यांना तोच आवडला. लहानपणी वडिलांसोबत बसून रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहिलेली असल्यामुळे पैसा म्हणजे कुणाच्या तरी खात्यावरचं कुणाचं तरी देणं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

ज्या विद्यापीठात त्या शिकल्या त्याच्या नावासाठी १९७८ ते १९९४ मराठवाडा ढवळून निघाला होता. ज्यांचं नाव दिलं गेलं त्या डॉ. आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता आणि तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला. रुपयाची परकीय चलनातली किंमत धरून ठेवण्यापेक्षा देशातली त्याची क्रयशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी चलन काढणाऱ्या सरकारच्याच हाताला मर्यादा हवी, असा त्यातला युक्तिवाद. पुतळ्याला हार घालणाऱ्या किती जणांनी हे पुस्तक उघडलं असेल, हा प्रश्न मी वर्गात विचारतो. उत्तराची वाट पाहत नाही. व. मॅडमनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी ते वाचलं आणि चलन धोरण हाच विषय, हे ठरवलं.

इथे मराठवाड्याचा स्वतःचा चलन-इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचं चलन वेगळं होतं: हाली सिक्का, म्हणजेच उस्मानिया रुपया. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला इथे कलदार म्हणत. अधिकृत दर सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. १९१८ पासून हालीच्या कागदी नोटा निघाल्या, १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि या चलनाचा कारभार तिच्याकडे आला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ एप्रिल १९५० पासून राज्याची वित्तव्यवस्था केंद्राशी जोडली गेली आणि पन्नाशीच्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने बाद झाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. दहा वर्षांच्या आत लोकांनी राज्य, रुपया आणि रुपयाची मोड, तिन्ही बदललेलं पाहिलं. चलन धोरणाच्या अभ्यासकाला याहून चांगली भूमी कुठे मिळायची? पण हे व. मॅडमच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

अडचण

विनिमयदर आणि चलन धोरणाचं संशोधन मुंबई-दिल्लीत चालतं. आकडे रिझर्व्ह बँकेचे, ते संकेतस्थळावर सगळ्यांना सारखेच मिळतात. पण ते आकडे वाचणारी माणसं, चर्चासत्रं, मसुद्यावर लाल पेन चालवणारे सहकारी तिथेच असतात. परभणीत बसून तीच मालिका, तेच समीकरण चालवलं तर काम दुय्यम दर्जाचं ठरण्याची शक्यता जास्त. दुसरीकडे स्थानिक विषय घ्यावा तर आपल्याकडचा ठरलेला साचा तयार: अमुक बँकेचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ तमुक जिल्हा. ग्रंथालयात अशा प्रबंधांची रांग लागली आहे आणि शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी एकमेकींच्या जागी ठेवल्या तरी चालतील.

त्यात पोटापाण्याचा प्रश्न. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली होती, पण नोकरी तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि बिल कधी निघेल ते प्राचार्यांनाही माहीत नसतं. कायम जागेसाठी काय विचारणा होते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

पहिला निर्णय: पीएच.डी.चा विषय

मार्गदर्शकांनी जिल्हा बँकेचा विषय सुचवला. हेतू चांगलाच होता: माहिती हाताशी, तीन-चार वर्षांत काम हातावेगळं, नोकरीला उपयोग. दुसरा पर्याय रुपयाचा वास्तव प्रभावी विनिमयदर आणि निर्यात यांच्या संबंधाचा. तिसरा, हाली चलनाच्या विलीनीकरणाचा. तो त्यांना एका आजोबांच्या बोलण्यातून सुचला होता, पण मार्गदर्शक म्हणाले, "व., हा इतिहास विभागाचा विषय आहे. आपल्या समितीत कोण पास करणार?"

त्यांनी दुसरा घेतला. वास्तव प्रभावी विनिमयदर म्हणजे रुपयाची किंमत एकट्या डॉलरशी न मोजता, ज्यांच्याशी आपला व्यापार आहे अशा अनेक देशांच्या चलनांशी, महागाईतला फरक धरून मोजणं. रिझर्व्ह बँक तेव्हा ही मालिका ३६ चलनांची काढत असे; आता ती ४० चलनांची आहे. अर्थमिती त्या स्वतःच शिकल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका जुन्या संगणकावर. प्रबंध नीटनेटका झाला.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समीकरणांवर फारसं विचारलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "हे काम तुम्ही परभणीत बसून केलं. परभणीत बसल्यामुळे तुम्हाला असं काय दिसलं, जे मला पुण्यात दिसलं नसतं?" मॅडमकडे उत्तर नव्हतं. पदवी मिळाली, पेढे वाटले गेले, प्रश्न तसाच राहिला.

दुसरा निर्णय: नोकरी

याच सुमारास मुंबईतल्या एका खासगी बँकेच्या ट्रेझरी विभागात विश्लेषकाची जागा चालून आली. पगार तासिकेच्या कित्येक पट. काम, रोज सकाळी रुपया आज कुठे उघडेल याचा अंदाज लिहायचा. त्यांनी नकार दिला. घरची कारणं होतीच, पण मला त्यांनी दिलेलं कारण वेगळं होतं: रुपया आज किती पैशांनी हलेल यात त्यांना रस नव्हता, हलल्यावर त्याचं ओझं कुणाच्या अंगावर पडतं यात होता. पुढे अनुदानित महाविद्यालयात निवड झाली, तीही गुणवत्तेवर, आणि तशा निवडी होतात हे लिहून ठेवणं गरजेचं आहे.

तिसरा निर्णय: वह्या आणि लिपी

कायम झाल्यावर त्या हालीकडे वळल्या. हैदराबादचं राज्य अभिलेखागार तारनाक्याला आहे. तिथे वित्त खात्याचे इंग्रजी प्रशासकीय अहवाल मिळतात. मूळ पत्रव्यवहाराचा मोठा भाग उर्दूत. तीन वाटा होत्या. इंग्रजी अहवालांवर भागवायचं. उर्दू जाणणारा सहलेखक शोधायचा. किंवा स्वतः शिकायचं. त्यांनी परभणीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे शिकवणी लावली. सहकाऱ्यांनी चेष्टा केली. मराठवाड्यातल्या आपल्या आजोबांची पिढी उर्दूतच शिकली होती, हे चेष्टा करणारे सोयीस्करपणे विसरले.

खरं घबाड मात्र अभिलेखागारात मिळालं नाही. वडिलांच्या ओळखीने मोंढ्यातल्या एका बंद पडलेल्या पेढीच्या माळ्यावरून लाल बासनात बांधलेल्या लांबट चोपड्या खाली आल्या. मजकूर मोडीत. म्हणजे उर्दूपाठोपाठ मोडीचा वर्ग आला. प्रत्येक रकमेआधी एक खूण: हालीची वेगळी, कलदारची वेगळी. आणि शेवटी स्वतंत्र ‘बट्टा खाते’.

बट्टा म्हणजे एक चलन मोडून दुसरं घेताना सोसावी लागणारी घट. हे खातं या प्रकरणाचा कणा, म्हणून थोडं थांबतो. कापूस मुंबईला जायचा, त्याची हुंडी कलदारात वटायची. शेतकऱ्याला पैसे मात्र हालीत द्यायचे, कारण गावात तेच चालायचं आणि शेतसारा हालीत भरावा लागे. म्हणजे पेढीला दर हंगामात कलदार मोडून हाली घ्यावी लागे. सरकारी दर सातास सहा. पण कापसाच्या हंगामात आणि साऱ्याच्या हप्त्याच्या तोंडावर सगळ्यांनाच हाली हवी असे, आणि सराफ कमी हाली देई. उलट पावसाळ्यात, मुंबईचं कापड आणि किराणा भरायच्या वेळी, कलदारची ओढ. चोपडीत हे महिन्यागणिक दिसत होतं. पेढी आपला बट्टा कुणाच्या नावे टाकत होती, तेही दिसत होतं. ज्याची उचल (पेढीकडून आगाऊ घेतलेली रक्कम) थकलेली, त्याच्या.

त्या वर्षांमध्ये मॅडमचा सगळ्यात जास्त वेळ तारखांनी खाल्ला. पेढीचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायचं, सरकारी फसली साल ६ ऑक्टोबरला. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याने वर्षाची सुरुवात कळते. १३५० फसली म्हणजे १९४० चा ऑक्टोबर ते १९४१ चा ऑक्टोबर. ही काळजी न घेता आकडे जोडले तर हंगाम उलटा दिसतो, आणि हंगाम हाच मुद्दा होता. मोडीतले महिने, फसली महिने (आजूर, दै, बहमन...) आणि इंग्रजी महिने यांचा एक तक्ता त्यांनी भिंतीवर चिकटवला होता. तो मी पाहिला आहे. त्याच्या कडांना चहाचे डाग आहेत.

हाली बाद होतानाच्या नोंदीतून त्यांना आणखी एक धागा सापडला. कर्जं कागदावर सातास सहा या दराने बदलली गेली. पण एका आण्याच्या वस्तूचं काय? एक आणा हाली म्हणजे कलदारात दहा पै आणि वर थोडं. एवढी बारीक मोड कोण मोजणार? दुकानदार एक आणाच म्हणणार, फक्त आता कलदार. म्हणजे बसल्या जागी सहावा हिस्सा महाग. मजुरीचं उलट: एक रुपया हाली मजुरी सरकारी हिशोबाने पावणेचौदा आण्यांहून किंचित कमी, आणि ती वर ओढून रुपया करून देणारा मालक विरळा. तर्क बिनतोड वाटतो. पण चोपडीत त्या काळातल्या हमालीच्या मोजक्याच नोंदी होत्या. एका पेढीवरून प्रदेशाचा निष्कर्ष काढायचा की नाही? मॅडमनी काढला नाही. ‘शक्यता’ एवढंच लिहिलं. माझ्या मते हे त्यांच्या कामातलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं, आणि समीक्षकांना सगळ्यात कमी आवडलेलं.

चौथा निर्णय: नोव्हेंबर २०१६

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या; चलनातल्या एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. मराठवाड्यातल्या गावोगावच्या शेतकऱ्यांची खाती याच बँकांत, आणि त्यातल्या काही आधीच डबघाईला आलेल्या. सोयाबीन घरात, कापूस वेचणीला, आणि मोंढ्यात रोकड नाही. बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांची मर्यादा. बाजार समितीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना ५०,०००.

जिल्ह्यात चलनावर पीएच.डी. केलेली व्यक्ती एकच. फोन सुरू झाले: वर्तमानपत्रं, वाहिन्या, दोन्ही बाजूंचे राजकीय कार्यकर्ते. प्राचार्यांना भीती वाटत होती. सहकारी म्हणत होते, "मॅडम, आत्ताच बोला, नाव होऊन जाईल."

पर्याय असे होते. रोज बोलायचं आणि लिहायचं. किंवा विद्यार्थी हाताशी धरून गावोगाव प्रश्नावली भरून घ्यायची; अशी शेकडो सर्वेक्षणं त्या महिन्यात राज्यभर सुरू झाली होती. तिसरा पर्याय त्यांना बट्टा खात्यामुळे सुचला. मोंढ्यात सौदा होताना आडत्या एकाच ढिगाला तीन भाव सांगत होता: जुनी नोट घेत असाल तर चढा, चेक घेत असाल तर त्याहून कमी, आणि नवी रोकड पाहिजे असेल तर अजून कमी, तीही पुढच्या आठवड्यात. दोन चलनं एकाच बाजारात आणि त्यांच्यातला बट्टा, हे सगळं जसंच्या तसं परत आलं होतं. फरक इतकाच की आता एका चलनाला ३० डिसेंबरची मुदत होती आणि त्याचा कुठलाच सरकारी दर नव्हता.

त्या वाहिन्यांवर गेल्या नाहीत. कॉलेज सुटलं की मोंढ्यात जायचं, वडिलांच्या जुन्या ओळखीच्या आडतींवर बसायचं, आणि एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या मालाचे वेगवेगळ्या चलनातले भाव वहीत उतरवायचे. बाई माणूस संध्याकाळी मोंढ्यात काय लिहीत बसते, याची कुजबुज झाली. हमालांनी ती थांबवली. त्यांना मुनिमांची मुलगी माहीत होती.

याच पद्धतीचा पुरस्कार मी का करतो ते सांगतो. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षं. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यानंतर २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि तुरीचं पीक देशभर विक्रमी आलं. म्हणजे भाव पडले ते नोटाबंदीने की भरपूर पिकाने, हे दोन्ही वर्षांची सरासरी ताडून सांगताच येत नाही. त्या हिवाळ्यात ‘नोटाबंदीने भाव इतक्या टक्क्यांनी पाडला’ असं ठोकून देणारे लेख आले आणि ‘काहीच परिणाम नाही’ म्हणणारेही. दोघांच्या हाती पुरावा सारखाच तोकडा. पण एकाच दिवशी, एकाच ढिगाचे दोन भाव वेगळे असतील, तर त्या फरकात पीक नाही, पाऊस नाही, फक्त चलन आहे.

वहीतून दुसरीही गोष्ट निघाली, जी कुणी शोधत नव्हतं. ज्यांनी आडत्याकडून आधी उचल घेतलेली होती त्यांच्या हातात कुठलीच नोट आली नाही. माल आला, नावे-जमा झालं, पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) हातात दिली. त्यांना भाव कुठला लावला? जुन्या नोटेचा की चेकचा? बहुधा सगळ्यात कमी असेल तो. बट्टा इथेही थकलेल्याच्याच नावे.

आता कळीचा मुद्दा. एका मोठ्या आडतीने आपल्या नोंदी पाहू दिल्या होत्या, तोंडी शब्दावर. जानेवारीत आयकराच्या नोटिसांची चर्चा सुरू झाली आणि मालकांनी निरोप धाडला: मॅडम, आमची पानं परत द्या आणि कुठे वापरू नका. नावं त्यांनी लिहिलेलीच नव्हती, सांकेतिक क्रमांक होते. कायद्याने अडवणारं काही नव्हतं. पण तालुक्याच्या मोंढ्यात एवढा मोठा माल कुणाकडे येतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे क्रमांकाआड लपणं शक्य नव्हतं. त्यांनी पानं परत केली आणि त्या नोंदी विश्लेषणातून काढल्या. अभ्यासातला सगळ्यात भरीव भाग गेला. सल्ला घ्यायला महाविद्यालयात सामाजिक शास्त्रांसाठी कुठली नीतिमत्ता समिती नव्हती. सल्ला वडिलांचा घेतला. ते म्हणाले, "शब्द दिला होता ना? मग झालं."

पाचवा निर्णय: छापायचं कुठे

पदोन्नतीला गुण लागतात आणि गुणांना शोधनिबंध लागतात, संख्येने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. २०१९ मध्ये आयोगाने त्यावर उतारा म्हणून मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली, आणि २०२५ मध्ये ती यादीही मागे घेतली. या काळात शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांचे निबंध धडाधड येत होते, एक ना धड भाराभर चिंध्या. व. मॅडमनी हाली आणि नोटाबंदी एकत्र मांडणारा एकच निबंध लिहिला आणि तो चांगल्या ठिकाणी पाठवत राहिल्या. पहिल्या दोन ठिकाणांहून परत आला. एका समीक्षकाने विचारलं, एका बाजारपेठेवरून काय सिद्ध होतं? दुसऱ्याने, इतिहासाचा भाग गाळा. तिसऱ्या ठिकाणी तो छापून आला तेव्हा रिझर्व्ह बँकेने बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचं जाहीर करून बराच काळ लोटला होता आणि विषय बातम्यांतून उतरला होता.

मधल्या काळात त्यांनी तेच काम मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात मराठीतून मांडलं, जवळजवळ सहज म्हणून. जेवणाच्या सुट्टीत नांदेड आणि जालन्याकडची तीन-चार वयस्कर माणसं येऊन भेटली. आमच्याही घरी अशा चोपड्या आहेत, म्हणाली. आज त्यांच्याकडे असलेल्या पेढ्यांच्या नोंदींपैकी निम्म्याहून जास्त या सुट्टीतून आल्या आहेत.

निष्पत्ती

पदोन्नती त्यांच्या बरोबरीच्यांपेक्षा उशिरा झाली. निबंध मोजक्यांनी वाचला, पण ज्यांनी वाचला त्यांनी तो वापरला. हालीवरचं पुस्तक अजून पूर्ण नाही. हमालीच्या दरांचा प्रश्न आता चार पेढ्यांच्या नोंदींवर तपासला जातोय आणि ‘शक्यता’ हा शब्द काढायचा की ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही.

त्यांच्याकडे पीएच.डी. करणारा लातूरकडचा एक मुलगा रुपया आणि सोयाबीनचा भाव यावर काम करतोय. रुपया घसरला की बाहेरून येणारं पामतेल महागतं आणि आपली सोयापेंड परदेशात स्वस्त पडते. दोन्ही बाजूंनी सोयाबीनला भाव चढायला हवा. पण मध्येच आयात शुल्क येतं. कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ वरून २७.५ टक्के झालं आणि मे २०२५ च्या अखेरीस १६.५ वर आलं. अशा उड्यांमध्ये रुपयाच्या काही पैशांचा परिणाम शोधणं किचकट आहे. इथे मॅडमचा जुना, परभणीशी संबंध नसलेला प्रबंध अचानक कामाला आला.

वेगळं काय करता आलं असतं

माझं पहिलं म्हणणं असं की हालीचा विषय पीएच.डी.लाच घ्यायला हवा होता. हाली पाहिलेली, मजुरीत घेतलेली माणसं तेव्हा जास्त संख्येने हयात होती. ज्या आजोबांच्या बोलण्यातून विषय सुचला ते नंतर वारले आणि त्यांची मुलाखत कुणीच घेतली नाही. मार्गदर्शकांना पटवणं अवघड होतं हे मान्य, पण इतिहास विभागातला सहमार्गदर्शक मागता आला असता. नियमात बसत होतं. यावर मॅडमची पहिली हरकत: विनिमयदराचं शास्त्र आधी शिकले नसते तर बट्टा खातं मला फक्त एका पेढीचा नफा-तोटा वाटलं असतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी मी माझं मत बदललेलं नाही. शास्त्र नंतरही शिकता येतं. माणसं थांबत नाहीत.

दुसरं, वाहिन्यांवर न जाण्याबद्दल. मी मसुद्यात लिहिलं होतं की पूर्ण मौन ही चूक होती, निदान जिल्हा बँकांवरच्या बंदीबद्दल एक लेख लिहायला हवा होता, कारण त्या विषयात जिल्ह्यात त्यांच्याइतकी अधिकारी व्यक्ती नव्हती. त्यांची हरकत अशी की तो लेख छापून आल्यानंतर मोंढ्यात कुणीही त्यांच्यासमोर भाव बोलला नसता. ही हरकत मी मान्य केली आणि परिच्छेद बदलला.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचं एकमत आहे. परवानगी तोंडी घेऊ नये. पहिल्याच दिवशी साध्या मराठीत अर्ध्या पानाचा कागद करावा: काय पाहणार, काय उतरवून घेणार, काय छापणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत नोंदी मागे घेता येतील. ती तारीख लिहिलेली असती तर आडतीच्या मालकांनाही धीर आला असता आणि संशोधकाला आपल्या हातात शेवटी काय उरणार हे वेळेत कळलं असतं. लातूरच्या मुलाकडे असा कागद आहे. त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘दत्तांश’ असा शब्द होता. एका आडत्याने तो खोडून ‘हिशोब’ असं लिहिलं आणि मग सही केली.